कण्याची इजा, चिनी वनौषधी आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला पत्र पाठवून कळविले की, "आरोग्यावर काहीतरी बोला, विषय तुम्हीच ठरवा." मी याच संस्थेच्या शाळेचा माजी विद्यार्थी. याच सभागृहात खाली सतरंजीवर बसून मी अनेक भाषणे ऐकली आहेत, आणि खरे सांगायचे तर पुष्कळशी विसरलोही आहे. म्हणून मी असा विषय निवडला आहे की, जो ऐकल्यावर निदान दोन-तीन गोष्टी तुमच्या लक्षात राहाव्यात आणि वेळ आलीच तर कोणाच्या तरी उपयोगी पडाव्यात.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. मुलाचे वय एकोणीस. आंब्याच्या हंगामात कलमावरून खाली पडला आणि पाठीचा मणका मोडला. चौघांनी हातापायांना धरून उचलले, जीपमध्ये दुमडून बसविले आणि खड्ड्यांच्या रस्त्याने तालुक्याला नेले. शस्त्रक्रिया झाली, पण कमरेखालची हालचाल आणि संवेदना परत आली नाही. माझ्याकडे तो आला तो अपघातानंतर आठ महिन्यांनी. त्याच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती, आत हाड दिसत होते. वडिलांनी पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. त्यावर चिनी अक्षरे होती. एका मध्यस्थाने तो मिळवून दिला होता आणि त्यासाठी वीस कलमांची बाग विकली गेली होती. ते मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चीनमध्ये हजारो वर्षांचे औषध आहे म्हणतात. हे खोटे आहे का?"

त्या दिवशी मी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. जखमेकडे पाहून मला राग आला होता, आणि रागात दिलेले उत्तर हे उत्तर नव्हे. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. चिनी औषधांची थट्टा करण्यासाठी मी येथे उभा नाही. आपल्या घरातील दालचिनी हा शब्दच फारसीतील "दारचीनी", म्हणजे चीनचे लाकूड, या शब्दावरून आला आहे. अत्ताराच्या दुकानातील चोपचिनी आणि रेवाचिनी यांच्या नावातही चीन आहे. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्टा यांच्या ग्रंथात चीनच्या या मुळीवर स्वतंत्र संवाद आहे. त्याच्याही आधी, १३१३ साली, तबरीझ येथे वजीर आणि हकीम रशीदुद्दीन यांनी चिनी वैद्यकावर "तन्सूकनामा" हा फारसी ग्रंथ तयार करविला. ज्ञान परक्याचे म्हणून ते टाकून देण्याची रीत आपल्या पूर्वसूरींची नव्हती. आणि आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेथील जखमी सैनिकांची सेवा करीत १९४२ साली तेथेच वारले, हे तर आपण शाळेत शिकतो. तेव्हा चीनशी आपले भांडण नाही. प्रश्न इतकाच आहे की, एखादे औषध कण्याच्या इजेवर गुणकारी आहे हे ठरवायचे कसे, आणि ते ठरेपर्यंत रुग्णाचे काय करायचे.

कण्याची इजा म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून कमरेपर्यंत एक दोर उतरतो, त्याला मज्जारज्जू म्हणतात. जाडी करंगळीएवढी, लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. मेंदूचा हुकूम हातापायांना पोहोचवायचा आणि हातापायांची खबर मेंदूला द्यायची, हे त्याचे काम. मानेत इजा झाली तर चारही अवयव जातात, छातीत किंवा कमरेत झाली तर पाय जातात. लोकांना पाय दिसतात, म्हणून ते पायांचे दुःख करतात. पण त्याच वेळी लघवी आणि शौचावरचा ताबा जातो, कातडीची जाणीव जाते, आणि रुग्णाचा जीव घेतात त्या याच गोष्टी.

इजा दोन टप्प्यांनी होते. पहिली क्षणात होते: हाड सरकते आणि रज्जू चेंगरतो. दुसरी पुढील काही तास आणि दिवस चालू राहते. आत रक्तस्राव होतो, सूज येते, रक्तपुरवठा तुटतो आणि पहिल्या धक्क्यातून वाचलेल्या पेशीही मरू लागतात. जगभरचे संशोधक या दुसऱ्या टप्प्याला अडविण्याची खटपट करीत आहेत, आणि चिनी वनौषधींवरील बरेचसे संशोधनही येथेच चालते.

आता चीनकडे वळू. तेथे वांग छिंगरेन नावाचे एक वैद्य होऊन गेले. जन्म १७६८, मृत्यू १८३१. त्यांना असे वाटू लागले की, जुन्या ग्रंथांतील शरीराच्या आतील अवयवांची वर्णने चुकीची आहेत. १७९७ साली साथीत पुष्कळ मुले दगावली. त्यांची उथळ पुरलेली प्रेते कुत्र्यांनी उकरलेली असत. वांग दररोज तेथे जाऊन आतील अवयव स्वतःच्या डोळ्यांनी पाहात. पुढे १८३० साली त्यांनी जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचे नावच "वैद्यकातील चुकांची दुरुस्ती" अशा अर्थाचे आहे. त्यांची स्वतःची काही निरीक्षणेही पुढे चुकीची ठरली, परंतु मोठ्या नावांपुढे मान न तुकविता पाहायला जाणारा हा माणूस होता.

त्याच ग्रंथात अर्धांगवायूवर एक काढा दिला आहे. नाव "बूयांग हुआनवू". वांग यांची कल्पना अशी की, शरीरात शक्तीचे दहा वाटे असतात, अर्धांगात त्यांतील पाच जातात, ते परत आणायचे. काढ्यात सात पदार्थ आहेत. मुख्य हुआंगची नावाची मुळी, तीही सुमारे १२० ग्रॅम, बाकीचे सहा पदार्थ अगदी थोडे थोडे. त्या सहांत एक आहे हुंगहुआ, म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडच्या करडईची फुले. दुसरा आहे पीचच्या बीचा मगज, आणि आणखी एक आहे वाळविलेले गांडूळ. गांडुळाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात दुसराच प्रश्न आला असेल. तो उलेमांना विचारावा. पण तो विचारता यावा म्हणून तरी डब्यात काय आहे हे आधी ठाऊक हवे, आणि त्या गृहस्थांच्या डब्यावर काय लिहिले होते हे त्यांना, मध्यस्थाला किंवा मला, कोणालाच वाचता येत नव्हते!

चिनी वैद्यकात अशी समजूत आहे की, मार लागल्यावर रक्त साकळते, ते चालते केले पाहिजे. आधुनिक संशोधकांनी ही समजूत हसण्यावारी नेली नाही. इजेनंतर रज्जूचा रक्तपुरवठा खरोखरच तुटतो. म्हणून त्यांनी हा काढा, दानशेन नावाची मुळी, चुआनशिओंग मुळीतील टेट्रामिथिलपायराझिन हे द्रव्य, जिनसेंगमधील द्रव्ये, अशी एकेक घेऊन उंदरांवर प्रयोग केले. बेशुद्ध केलेल्या उंदराच्या उघड्या मज्जारज्जूवर ठरावीक उंचीवरून ठरावीक वजन पाडतात. अमेरिकेत वाइज यंग या मूळच्या हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी यासाठी एक यंत्र प्रचारात आणले. त्यात १० ग्रॅमची दांडी काही मिलिमीटरवरून सोडतात, म्हणजे प्रत्येक उंदराला सारखीच इजा होते. मग काहींना औषध देतात, काहींना देत नाहीत, आणि चाल मोजतात. अशा कित्येक प्रयोगांत औषध दिलेल्या उंदरांमध्ये सूज कमी दिसली, पेशी कमी मेल्या, चाल थोडी बरी झाली. हे निष्कर्ष छापून आले आहेत आणि ते निरर्थक नाहीत.

मग अडते कोठे? उत्तर आपल्याच एका बुजुर्गाने सुमारे हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. इब्न सीना यांनी "अल कानून"च्या दुसऱ्या भागात औषधाची परीक्षा कशी घ्यावी याच्या अटी घातल्या आहेत. त्यांतील एक अशी की, परीक्षा माणसाच्याच शरीरावर झाली पाहिजे, कारण सिंहावर किंवा घोड्यावर जो परिणाम दिसतो तो माणसावर दिसेलच असे नाही. उंदराच्या बाबतीत तर फरक फारच मोठा आहे. प्रयोगात उंदराला बहुधा इजेनंतर लगेच किंवा काही तासांत औषध मिळते. आपला रुग्ण डबा उघडतो तो आठ महिन्यांनी! दुसरा टप्पा केव्हाच संपलेला असतो. शिवाय उंदीर अशा इजेतून पुष्कळदा आपण होऊनही बराच सावरतो.

माणूसही काही वेळा सावरतो, आणि घोटाळा होतो तो येथे. ज्याची इजा अर्धवट असते, म्हणजे थोडी तरी जाणीव किंवा हालचाल उरलेली असते, त्याच्यात पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ सुधारणा आपोआप होते. त्या काळात त्याने जे घेतले असेल त्याला यश मिळते. काढा घेतला तर काढ्याला, तेल चोळले तर तेलाला, तावीज बांधला तर ताविजाला. शेजारचा गावकरी शपथेवर सांगतो, "अमक्याच्या मुलाचा अंगठा हलला." तो खोटे बोलत नाही. परंतु औषध न घेता कोणाचा अंगठा हलला असता की नाही, हे त्याने पाहिलेले नसते.

यावरही आपल्याच परंपरेत उपाय आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी बगदाद आणि रै येथे काम केलेले अबू बक्र अल राझी यांनी सरसामाच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचे रक्त काढले, दुसऱ्याचे मुद्दाम काढले नाही, आणि दोहोंचे काय झाले ते लिहून ठेवले. आजची वैद्यकीय चाचणी याच वाटेने पुढे गेलेली आहे. एका गटाला खरे औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. सरतेशेवटी पाकीट उघडायचे. या कसोटीपुढे कोणाचा वशिला चालत नाही.

चिनी औषधे या कसोटीवर उतरतात का? काही उतरतात. १९६७ साली चीनने मलेरियावर औषध शोधण्यासाठी एक गुप्त मोहीम सुरू केली. तीत तू यूयू या बाईंनी जुने ग्रंथ चाळले. छिंगहाव नावाची वनस्पती हाताशी आली, पण प्रयोगात कधी गुण येई, कधी येत नसे. मग त्यांना चौथ्या शतकातील गे होंग यांच्या पुस्तकात असा उल्लेख सापडला की, ही वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घ्यावा. उकळण्याचे तेथे नाव नव्हते. उष्णतेने गुण जात असावा, असा त्यांनी तर्क केला. कमी तापमानाला अर्क काढला आणि १९७१ साली उंदरांवर पूर्ण यश आले. १९७२ साली त्यांनी तो अर्क आधी स्वतः घेतला, मग रुग्णांना दिला. त्यातून निघालेल्या आर्टेमिसिनीनने लाखो जीव वाचविले आणि २०१५ साली तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडेही असे घडले आहे. सर्पगंधा ही मुळी हकीम आणि वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरीत. हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात तिच्यातील द्रव्य वेगळे केले आणि त्याला "अजमलीन" असे नाव दिले. पुढे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण रुग्णांच्या नोंदींसह जगापुढे मांडला. जुनी मुळी जगाच्या वैद्यकात गेली, ती कसोटीच्या दरवाजाने.

काही औषधे त्या दरवाजाशी अडली, तेही ऐका. अर्धांगवायूसाठी नऊ वनस्पती आणि पाच प्राणिज पदार्थांचे एक चिनी मिश्रण पुष्कळ देशांत विकले जाते. सिंगापूर, फिलिपाइन्स इत्यादी देशांतील सुमारे ११०० रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तीन महिन्यांनंतर खऱ्या आणि नकली गोळीत म्हणावा असा फरक नव्हता. मेंदूतील रक्तस्रावावर तोंडाने घेण्याच्या एका चिनी काढ्याची चीनमधील २६ रुग्णालयांत १६४८ रुग्णांवर चाचणी झाली. २०२४ साली निष्कर्ष आला: फायदा नाही. उलट "तोंगशिनलुओ" या मिश्रणाची हृदयविकाराच्या झटक्यानंतर ३,७७७ रुग्णांवर चाचणी झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, ३० दिवसांत गंभीर प्रसंग ओढवणाऱ्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३.४ टक्के, न घेणाऱ्यांत ५.२ टक्के निघाले. यांतील शेवटच्या दोन चाचण्या चिनी शास्त्रज्ञांनी स्वतः केल्या. आपल्याच देशाचे औषध निरुपयोगी ठरले तरी ते त्यांनी छापले. ही प्रामाणिकता मला फार मोलाची वाटते.

आणि आधुनिक औषधांनाही हीच कसोटी लागू आहे. १९९० साली एका मोठ्या अमेरिकन चाचणीवरून असे ठरले की, कण्याच्या इजेनंतर आठ तासांच्या आत मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड मोठ्या मात्रेत द्यावे. जगभर ते दिले जाऊ लागले. पुढे पुरावा पुन्हा तपासला गेला, जंतुसंसर्गासारखे धोके लक्षात आले, आणि २०१३ साली अमेरिकन मेंदूशल्यविशारदांच्या संघटनांनी ते देऊ नये असा सल्ला दिला. या प्रश्नावर डॉक्टरांत अजून मतभेद आहेत. पण डॉक्टर सांगतात म्हणून खरे, असे तेथेही चालत नाही.

तेव्हा त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर असे: चिनी वैद्यक खोटे नाही. परंतु मज्जारज्जूच्या इजेवर, मोठ्या आणि चोख चाचणीत माणसांवर गुणकारी ठरलेले चिनी वनौषध आज तरी एकही नाही. उद्या निघाले तर इन्शा अल्लाह आपण सर्वच ते वापरू. आज जो माणूस खात्री देऊन पैसे मागतो तो, ठाऊक असो वा नसो, तुमची फसवणूक करीत आहे.

"निदान नुकसान तर नाही ना?" असे पालक विचारतात. नुकसान होऊ शकते. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन उतरविण्यासाठी स्त्रियांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. नावाच्या सारखेपणामुळे एका मुळीच्या जागी दुसरीच विषारी मुळी आली. सुमारे शंभर स्त्रियांचे मूत्रपिंड खराब झाले आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. दानशेनचा धोका तर आपल्या रुग्णांना सरळ लागू आहे. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, म्हणून त्यांना रक्त पातळ करणारी औषधे देतात. वॉरफरिनबरोबर दानशेन घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो. आणखी एक गोष्ट घराघरांत घडते: बधिर पायांना गरम विटेचा किंवा रबरी पिशवीचा शेक. रुग्णाला चटका कळत नाही, आणि घरच्यांना कळते तेव्हा कातडी सोललेली असते. ज्या अंगाला जाणीव नाही त्याला शेक देऊ नका, ही एक गोष्ट आजच गाठीला बांधून ठेवा.

आता मी भाषणाच्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. औषध नाही म्हणजे उपाय नाही, असे मुळीच नाही.

इजिप्तमध्ये सापडलेल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका गुंडाळीत मानेचा मणका निखळलेल्या माणसाचे वर्णन आहे. हातपाय गेलेले, लघवी ठिबकते. निर्णय असा की, हा उपचार करण्याजोगा आजार नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत स्थिती फारशी बदलली नव्हती. बहुसंख्य रुग्ण लवकरच मरत, आणि ते मुख्यतः अंथरुणातील जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी कण्याच्या रुग्णांसाठी केंद्र सुरू केले. हिटलरच्या जर्मनीतून १९३९ साली पळून आलेले हे ज्यू डॉक्टर. त्यांनी कोणते नवे औषध आणले? कोणतेही नाही. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, रुग्णाची कूस बदलायची. मूत्राशय स्वच्छतेने रिकामे करायचे. आणि त्याला कामाला लावायचे. गुटमन रात्री स्वतः फेरी मारून कूस बदलली की नाही ते पाहात. मरणारी माणसे जगू लागली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी सोळा रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले.

त्याच पॅरालिंपिकमध्ये १९७२ साली हायडलबर्ग येथे आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे झाले होते. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस १९५४ साली मोटार अपघातात कण्याला इजा होऊन खुर्चीला खिळल्या. त्या खुर्चीतूनच त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि तेथील पुनर्वसन विभाग उभारला.

चीनमध्येही याच दिशेचे एक उदाहरण आहे. कुनमिंग येथील रुग्णालयात रुग्णांना दिवसाला सहा तास, आठवड्याला सहा दिवस, सहा महिने चालण्याचा सराव देत असत. वाइज यंग यांच्या सहकार्याने तेथे नाळेतील रक्तपेशींचीही चाचणी झाली. त्या रुग्णांपैकी बरेच जण चाकांच्या आधाराने पावले टाकू लागले. पण तुलनेचा गट नसल्याने, यश पेशींचे की सहा तासांच्या घामाचे, हे त्या चाचणीवरून ठरत नाही. कष्टाचा वाटा मात्र कोणी नाकारीत नाही.

आता घरी काय करायचे ते सांगतो. लिहून घेतले तरी चालेल.

एक. झाडावरून, छपरावरून कोणी पडला आणि पाय हलत नसतील तर त्याला बसवू नका, दुमडू नका. मान, पाठ आणि पाय एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी एकदम वळवून फळीवर घ्या. फळी नसेल तर दार काढा.

दोन. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदला. खुर्चीत असेल तर दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायला लावा. माकडहाड, खुबे, टाचा रोज डोळ्यांनी पाहा. लाल डाग दाबल्यावर फिका पडत नसेल तर त्या बाजूवर झोपवू नका.

तीन. लघवीसाठी स्वच्छ नळी दर चार ते सहा तासांनी घालून काढण्याची पद्धत डॉ. लॅपिडीस यांनी १९७२ साली रूढ केली. रुग्ण ती स्वतः शिकू शकतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपल्या दीनात तहारतीला किती महत्त्व आहे हे मी सांगायला नको. ही तहारतच आहे.

चार. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल आणि एकाएकी डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, घाम सुटला, तर रुग्णाला ताबडतोब उठवून बसवा आणि मूत्राशय भरले आहे का, नळी अडली आहे का ते पाहा. रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढलेला असतो. लगेच डॉक्टरांना बोलवा.

पाच. काढा किंवा माजून घ्यायचाच असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावलो तरी सांगा.

जगात आज दीड कोटीहून अधिक माणसे कण्याची इजा घेऊन जगत आहेत. आपल्या मुंबईत हाजीअलीजवळ १९५५ सालापासून पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. दर्ग्याला जाणारे आपले किती लोक तिच्या दारावरून जातात, पण आत काय चालते हे थोड्यांनाच ठाऊक असते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी युनानी शिकेल, कोणी एम.बी.बी.एस. होईल, कोणी नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट. पदवी कोणतीही असो, तू यूयूंप्रमाणे जुना ग्रंथ काळजीपूर्वक वाचा आणि राझींप्रमाणे दोन गट करून पाहा. रोग देणाऱ्याने उपायही ठेवला आहे, ही आपली श्रद्धा आहे. म्हणूनच तो शोधण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

आता त्या मुलाविषयी सांगून थांबतो. जखम भरायला पाच महिने लागले. त्यात औषधाचा भाग थोडा. बाकी सारे त्याच्या आईने केले. दर दोन तासांनी उठण्यासाठी ती उशाशी घड्याळ ठेवून झोपे. आज तो खुर्चीत बसतो, नळी स्वतः घालतो, आणि गावातल्या मुलांना गणित शिकवतो. डबा अजून त्यांच्या कपाटात आहे. बाग मात्र परत आली नाही.

मागच्या जूनमध्ये त्याला आपल्या शाळेतून बाहेरून बारावीला बसायचे होते. तो दरवाजापर्यंत आला. आपल्या शाळेला सात पायऱ्या आहेत. मुलांनी त्याला उचलून वर नेले, त्यांचे मी कौतुक करतो. पण शौचालयाच्या दारातून खुर्ची आत गेली नाही, म्हणून तो दिवसभर पाणी प्यायला नाही. कण्याच्या रुग्णाने पाणी न पिणे म्हणजे काय, हे आता तुम्हांला ठाऊक आहे.

अध्यक्ष महाशय, चीनचे औषध यायचे तेव्हा येईल. त्या सात पायऱ्यांच्या शेजारी एक उतार आणि एक रुंद दार एवढे आपण या वर्षी करू शकतो. माझ्यातर्फे पहिली रक्कम मी आज चिटणीसांकडे देत आहे.